काकूच्या वाट्याला आलेली खुर्ची

माझी काकू लकव्यानं गेली नाही. पाठीवरच्या जखमांनी गेली, आणि त्यात माझा हात आहे.

आज तेरावं झालं. सगळे गोड गोड बोलून गेले, म्हणून इथं फेसबुकवर खरं लिहितोय.

फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात मी ग्रामपंचायत मेंबर. काकू चार वर्षं अंथरुणावर. पडून पडून पाठ सोलवटली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हवेची गादी घ्या, लगेच.

काकूची मुलगी रेखा शहरातून घेऊनच येणार होती. मीच अडवलं.

"कशाला खर्च करती? पंचायतीत दिव्यांगांचा निधी असतो. हक्काचं आहे ते."

"नक्की ना दादा?"

"अगं, मी मेंबर आहे ना."

निधी मार्चपर्यंत तसाच पडून. मग वर्षअखेर खर्च दाखवायला घाईघाईत मीटिंग.

मी गादीचा विषय काढला. सरपंच म्हणाले, "एकाला गादी, एकाला काठी, एकाला कानाचं मशीन... गावभर तंटे होतील. सगळ्यांना सारखं द्या, विषय मिटला."

ठरलं. प्रत्येकाला एक प्लास्टिकची खुर्ची. ज्याला दिसत नाही त्यालाही, ज्याला ऐकू येत नाही त्यालाही, काकूलाही.

मी हात वर केला. वाईटपणा कोण घेणार?

खुर्ची बघून काकू हसली.
"आरं, मला बसता आलं असतं तर तुमच्या यादीत नाव कशाला आलं असतं?"

वाटपाचा फोटो मी इथंच टाकला होता. तुम्ही खाली 'अभिनंदन' लिहिलं होतं.

शेवटी रेखानंच गादी आणली. तोवर जखमा हाडापर्यंत गेल्या होत्या. ड्रेसिंगच्या वेळी काकू चादर दातात धरायची, आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहायचो. लई भेकड निघालो मी.

आज पंगती उठल्यावर रेखा जवळ येऊन बसली.

"दादा, मी तेव्हाच आणली असती तर आई राहिली असती का?"

मी म्हणलो, "नाय गं. काही फरक पडला नसता."

तिनं मान हलवली आणि भांडी आवरायला उठली.

रेखा, मी खोटं बोललो. डॉक्टरांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, वेळेत गादी मिळाली असती तर जखमा इतक्या खोल गेल्याच नसत्या.

तुला अडवलं ते मी.

काकू, माफी मागायला तोंड नाही मला. शेवटचा रामराम.