नमुन्याचं पान

पाणीपुरवठ्याच्या तक्रारी घेणारी वेबसाइट सांभाळणाऱ्या त्या ऑफिसात त्यांना सगळे साचेवाले काका म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या त्या वेबसाइटच्या पानांत कोड आणि मजकूर यांचा असा गुंता झाला होता की एक शब्द बदलायचा तरी माणसाला घाम फुटायचा. काकांनी तीन आठवडे मान खाली घालून स्वतःचं टेम्प्लेट इंजिन लिहिलं. म्हणजे पानाचा साचा एकदाच करायचा, त्यात नावाची, तारखेची, पत्त्याची जागा रिकामी ठेवायची; कोणी पान उघडलं की इंजिन त्या जागा भरून देतं. तेव्हापासून तीनशे पानं त्याच इंजिनावर चालत होती. हे माझं, असं छातीवर हात ठेवून म्हणावं असं काकांकडे दुसरं काही नव्हतं. घरसुद्धा सासऱ्यांनी बांधलेलं.

आता वेबसाइट नव्याने बांधायची ठरली आणि मॅनेजरबाईंनी इंजिन निवडायचं काम काकांवरच सोपवलं. तुमचं, की फ्रीमार्कर, थाइमलीफ यांतलं एखादं तयार मिळणारं? शुक्रवारपर्यंत दोन पानी अहवाल द्या.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" तपासणीवाली म्हणाली. दुसऱ्यांचे प्रोग्राम मोडून बघण्याचा तिला पगार मिळायचा, आणि तिची जीभही त्याच कामाला जुंपलेली असायची.

घरी बायकोनेही तेच ऐकवलं. "अहो, लेक परीक्षेला आणि बाप पेपर तपासायला! कितीही खरे मार्क द्या, लोक हसणारच."

काकांना हे झोंबलं. लोक त्यांना हट्टी म्हणत, चिडके म्हणत, पण लबाड आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी चांगला मोठा तक्ता आखला. वेगात त्यांचं इंजिन पुढे. शिकायला सोपं, तेही त्यांचंच. शिकवायला ते स्वतः बसलेले होते ना. थाइमलीफचा साचा सर्व्हर न चालवता नुसता ब्राउझरमध्ये उघडला तरी पान दिसतं, हा गुण त्यांनी नाइलाजाने, पण ठळक अक्षरांत नोंदवला.

राहिला एक रकाना. बाहेरच्या माणसाने मजकुरात कोडच्या खुणा टाइप केल्या, तर त्या निकामी कराव्या लागतात. नाहीतर कोणीही खोडसाळ माणूस तुमच्या पानात आपला कोड घुसवतो. थाइमलीफचा नेहमीचा मार्ग धरला तर हे आपोआप होतं, नको असेल तर मुद्दाम सांगावं लागतं. काकांच्या इंजिनात उलटं. रिकाम्या जागेआधी उद्गारचिन्ह टाकलं, तरच खुणा निकामी व्हायच्या.

"एक चिन्ह टाकायचं, एवढंच तर आहे," काका म्हणाले. "माणसाला तेवढी शिस्त नको?"

शिस्तीचं त्यांना भारी कौतुक. आठ वर्षांपूर्वी ढापण्या नावाने ओळखला जाणारा, जाड भिंगांचा एक भिडस्त प्रोग्रामर हे चिन्ह टाकायला चुकला होता. कोणीतरी गंमत म्हणून पत्त्याच्या रकान्यात मोठ्या मथळ्याची खूण टाइप केली आणि पत्त्याखालचं सगळं पान हातभर अक्षरांत दिसायला लागलं. काकांनी ढापण्याला भर बैठकीत उभं करून असं फैलावर घेतलं की त्याची मान वर होईना. त्याचं पान दुरुस्त झालं. वर्षभरात तो नोकरी सोडून गेला.

"मग बघूच या तुमची शिस्त," तपासणीवाली म्हणाली. बुधवारी ती पानामागून पान उघडून प्रत्येक रकान्यात मोठ्या मथळ्याची खूण टाइप करत बसली. संध्याकाळपर्यंत तीन पानं सापडली, तिन्ही सोडून गेलेल्या लोकांनी केलेली. काका खूश झाले. "बघितलंस? इंजिन ठणठणीत आहे, माणसंच ढिली!"

गुरुवारी सकाळी ती त्यांच्या टेबलापाशी आली. चिडवलं नाही, हे काकांच्या लक्षात आलं.

"काका, चौथं सापडलं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही एकटेच बघा."

वेबसाइटचं सगळ्यात जुनं पान होतं. नावाआधी उद्गारचिन्ह होतं, तारखेआधी होतं, तक्रारीआधी होतं. पत्त्याआधी नव्हतं. आणि फाइलच्या डोक्यावर काकांनीच लिहिलेली ओळ: नवीन पान करताना हे पान नमुना म्हणून घ्यावे.

काकांनी बाकीची तीन पानं शेजारी उघडली. तिन्हींत पत्त्याचीच जागा चुकलेली. जुन्या नोंदींतून ढापण्याचं दुरुस्तीआधीचं पान काढलं, तर तेही तसंच. बिचाऱ्यांनी शिस्त पाळली होती. दिलेला नमुना जसाच्या तसा उतरवला होता, आणि हे कुठून उतरवलंस असं त्या बैठकीत कोणी विचारलं नव्हतं.

काकांना लाज वाटली. इतकी, की जेवणाचा डबा त्यांनी उघडलाच नाही. अहवाल अर्ध्या पानात संपला. थाइमलीफ घ्यावे. माझ्या इंजिनात सुरक्षित राहायचे तर माणसाने कधीच विसरून चालत नाही, आणि मी पहिल्याच पानाला विसरलो.

"दोन पानी म्हटलं होतं," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"एवढंच आहे, मॅडम."

मग तपासणीवालीकडून नंबर घेऊन ते जिन्यात गेले आणि ढापण्याला फोन लावला. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. "चूक माझी होती रे. तुला नाही नाही ते बोललो."

ढापण्या म्हणाला, "मला माहीत होतं, काका. बैठक संपल्यावर मी नमुन्याचं पान उघडून पाहिलं होतं."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"नवीन माणूस आला की तुम्ही ते पान किती हौसेने दाखवायचात. म्हटलं, जाऊ दे."

काका पायरीवर बसले. "सोमवारी बैठक आहे," ते म्हणाले. "येशील? तेव्हा चारचौघांत बोललो होतो, आता हेही चारचौघांतच बोलायला हवं."

"नको हो काका, आता काय त्याचं!"

तो आला नाही. सोमवारी काका एकटेच उभे राहिले आणि बोलले.