शेवटच्या महिन्यात बुटाला हात लावू नये

सकाळी साडेसहाला आमच्या घरात बोलणं नसतंच, नुसती हाकाहाक असते. थोरलीला एक मोजा सापडत नव्हता. धाकटा नुसता ब्रश ओला करून दात घासल्याचा पुरावा दाखवत होता. आणि हे गाडीची किल्ली हातात धरून किल्लीच शोधत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कोण दार ठोठावतंय, म्हणून मी दुधाखालचा गॅस बारीक करून गेले. दारात बूटवाले काका.

काकांची टपरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, लष्करी छावणीच्या फाटकासमोर. तीस वर्षं झाली तिला. पण काका कुणाच्या घरी गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. लोकच पायातलं काढून त्यांच्याकडे जातात. मी बसा म्हटलं, तर बसले नाहीत. उभ्याउभ्याच रॅकमधला ह्यांचा बूट उचलला, तळ वाकवून पाहिला, ठेवला, परत तोच उचलला.

छावणीत वर्षातून एकदा कमांडोंच्या निवडीचा कोर्स असतो. दोनशे जण येतात, महिन्याभराने पंधरा-वीस उरतात. हे सगळे काकांचं गिऱ्हाईक. त्यांच्या तोंडून ऐकून आणि दुपारी फोनवर बघून काकांना देशोदेशीच्या असल्या कोर्सांची बित्तंबातमी. एका ठिकाणी म्हणे घंटा टांगलेली असते. थंडगार समुद्रात तासन् तास बसवतात, आणि ज्याला नको झालं त्याने ती तीनदा वाजवून घरी जायचं. दुसरीकडे पाठीवर ओझं देऊन एकट्याला डोंगरात सोडतात, आणि किती वेळात पोचायचं ते सांगतच नाहीत. आणखी एका देशात शेवटच्या दिवशी ताज्या दमाचे गडी आळीपाळीने ठोसे मारतात, तुम्ही फक्त पायांवर उभं राहायचं. काका हे सगळं बुटांवरून मोजत. समुद्रवाल्यांचे बूट वाळूने जातात, डोंगरवाल्यांचे पाण्याने, जंगलवाल्यांचे कुजून. सगळ्यात कठीण कुठला, यावरून त्यांचा आणि ह्यांचा कायमचा वाद. हे लॉन्ड्रीची गाडी चालवतात आणि छावणीच्या चादरी ने-आण करतात, म्हणून ह्यांनाही आपण आतले वाटतो. ह्यांचं म्हणणं, जिथे गळती जास्त तो कठीण. काका म्हणायचे, मग आमच्या नळाला पदक द्या.

या वर्षी काकांची मुलगी त्या कोर्सला गेली होती. खेप दुसरी. पहिल्या वेळी नवव्या दिवशी डावा घोटा मुरगळला आणि परत आली. वर्षभर ती पहाटे पाठीवर वाळूची पिशवी बांधून आमच्या खिडकीखालून पळायची, आणि माझी थोरली पांघरुणातून म्हणायची, "आई, ही वेडी झालीय का?" तिसरी संधी देत नाहीत.

आज वाद घालायला काका आले नव्हते. ह्यांनी चहाचा कप पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि न पिताच रॅकवर ठेवला. मग एकदम बोलायला लागले.

कोर्सला जाणाऱ्या प्रत्येकाला ते एकच गोष्ट बजावतात. निघण्याआधीच्या शेवटच्या महिन्यात बुटाला हात लावायचा नाही. नवा तळ नको, नवं अस्तर नको, नाडीसुद्धा जुनीच बरी. पायाला बूट कळलेला असतो, त्याला पुन्हा परका करायचा नाही. तीस वर्षं त्यांनी हे सांगितलं. कोणी पैसे घेऊन आला तरी काम नाकारलं. आणि मुलगी निघायच्या आदल्या दुपारी, ती झोपलेली असताना, स्वतःच तिच्या डाव्या बुटाच्या टाचेत कातड्याचा तुकडा घातला.

"घोट्याला आधार होईल म्हटलं," काका म्हणाले. "सकाळी तिने पाय घातला आणि विचारलं, बाबा, काही केलंत का? मी म्हटलं, पॉलिश केलं."

तिला दिसला कसा नाही, असं मी विचारलं. अस्तराच्या आतून शिवलाय म्हणाले. मग स्वतःशीच, "माझंच काम ते. दिसेल कसं?"

काल संध्याकाळी कोर्समधून बाद झालेला एक जण टपरीवर आला होता. त्याने सांगितलं की मुलगी तीन दिवस डाव्या पायाने लंगडतेय. टाच सोलून निघालीय, पण दवाखान्यात जात नाही, कारण तिथे गेलं की नावावर काट. आणि उद्या मोठी चाल, चाळीस किलोमीटर, पाठीवर ओझं. तुकडा काढला तर अजूनही निभेल, सुरीच्या टोकाने दोन मिनिटांचं काम. पण तो तिथे आहे हेच तिला ठाऊक नाही.

काकांनी खिशातून चिठ्ठी काढून ह्यांच्यासमोर धरली. आजच्या चादरींच्या गठ्ठ्यातून आत जाईल का?

ह्यांनी चिठ्ठी हातात घेतली नाही. मला त्या क्षणी ह्यांचा राग आला, पण ह्यांचं बरोबर होतं. कोर्स चालू असताना बाहेरचा चिठोराही सापडला तर मुलीला त्याच दिवशी बाहेर काढतात. ती पायाने हरण्याऐवजी आपल्यामुळे हरेल, असं हे हळूच म्हणाले. मी सुचवलं, कोर्सच्या साहेबांना भेटून खरं काय ते सांगावं. काकांनी मान हलवली. जिला स्वतः खोटं सांगितलं, तिला खरं परक्याच्या तोंडून कळावं, हे त्यांना सोसणार नव्हतं. शिवाय साहेब बूट उसवायला थोडेच बसणार? तिला दवाखान्यातच पाठवतील.

दूध उतू गेलं. कोणी हललं नाही. धाकटा "आई, जळतंय" म्हणाला तेव्हा मी धावले. परत आले तर काकांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली होती, आणि ह्यांच्या बुटाचा सैल झालेला तळ अंगठ्याने दाबत होते. हे घड्याळ बघत होते, पण निघत नव्हते.

"परवा सकाळी तुम्ही चादरी आणायला जाल," काका ह्यांना म्हणाले. "बराकीबाहेर टिकलेल्यांचे बूट वाळत घातलेले असतात. तिच्या डाव्या बुटाला मागे गेल्या वर्षीची तपकिरी दोऱ्याची शिवण आहे, बाकी सगळ्यांची काळी. ते बूट तिथे आहेत का, तेवढं बघून मला सांगा. नसले तरी सांगा."