देवळाची भांडी आणि कोरेट्टन

कोरेट्टनला पक्षातनं काढलं, त्याची दोन कारणं ठरावात लिहिली होती. एक, बहिष्कार घातलेल्या माणसाच्या घरी स्वयंपाक केला. दोन, तो देवळाच्या भांड्यांत केला. आमच्या गावात दुसरं कारण जास्त गंभीर धरतात.

मी मूळचा विट्याकडचा, सोनं गाळणारा. केरळातल्या कण्णूरकडच्या या गावात भट्टी लावून माझं अर्धं आयुष्य गेलं. लोक मला सेट्टू म्हणतात, म्हणजे शेठ. मी कुठल्याच पक्षाचा नाही, म्हणून सगळ्या पक्षांची गाऱ्हाणी माझ्याच बाकावर बसून होतात. पक्षाचं कार्यालय माझ्या दुकानासमोरच आहे. त्याच्या खिडक्यांना अजून काचा बसायच्यात, त्यामुळे तिथली गुप्त बैठक मला भट्टीपाशी बसून नीट ऐकू येते.

हे कार्यालय भातशेत बुजवून बांधलंय. तरुणपणी याच शेतात लाल झेंडे रोवून कोरेट्टन आणि त्याचा मित्र कुंजंबू आडवे झाले होते. एका श्रीमंताला तिथं भराव घालू दिला नव्हता दोघांनी. पुढं पक्षानंच भराव घातला, तेव्हा कुंजंबूनं बैठकीत विचारलं, "मग त्या वेळी आपण चिखलात कशाला लोळलो?" एवढंच विचारलं गड्यानं. त्याला पक्षविरोधी ठरवून काढलं. वर बहिष्कार. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही, त्याला बोलवायचं नाही. आठ वर्षं झाली. अजून पावसाळ्यात त्या कार्यालयात खुर्च्यांखाली बेडूक येतात आणि क्रांतीवर भाषण चाललं की मधेच सूर लावतात.

कोरेट्टन म्हणजे गावाचा आचारी. नाव कोरन, पण थोरला भाऊ मानून सगळे एट्टन लावतात. आमच्याकडे लग्नाला भटजी नसतो, पुढारी असतो. नवरा-नवरी हार घालतात, पुढारी बोलतो, आणि तो थांबेपर्यंत सांबार निवून जातं. कोरेट्टन चुलीपाशी पुटपुटायचा, "यापेक्षा भटजी बरा. त्याला निदान दुसरीकडे जायची घाई असते." हे त्यानंच बोलावं, कारण शिस्तीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी पक्षानं हरताळ पुकारला. सासऱ्यानं चोरून जीप ठरवली होती, यानं ती परत पाठवली. नवरी, म्हणजे आमची माधवी वहिनी, रेशमी साडी नेसून दोन डोंगर पायी उतरून सासरी आली. आजही कुणी 'शिस्त' म्हटलं की ती आधी आपली टाच दाखवते.

आता कुंजंबूच्या सजिनाचं लग्न ठरलं. मुलगा पय्यन्नूरचा, चांगला. कुंजंबूनं मुलाकडच्यांना बहिष्काराचं काही सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगणार? आणि लग्न म्हटलं की मंडप, खुर्च्या, पितळेची मोठाली भांडी, सगळं पक्षाच्या वाचनालयाचं. तिथं पुस्तकांचं एक कपाट आहे आणि भांड्यांच्या दोन खोल्या. किल्ली कोरेट्टनच्या कमरेला. बाहेरचे आचारी विचारले, तर तेही पक्षाचेच निघाले. वऱ्हाड येणार, आणि दारात ना मंडप, ना चूल, ना माणूस. अशा घरची मुलगी पाहुण्यांनी तशीच सोडून दिली असती, तर त्यांना तरी काय बोलणार?

बैठकीत कोरेट्टननं विषय काढला. म्हणाला, "भांडण कुंजंबूशी आहे, पोरीशी नाही. तिला पहिला भात भरवला, तो मी शिजवला होता. लग्नाचाही मीच शिजवीन म्हणतो."

स्थानिक सचिव दासन मास्तर. माणूस वाईट नाही, फक्त शाळा सुटली तरी शिकवणं सुटत नाही. म्हणाले, "बोललास, ऐकलं. आता ठराव. कुणीही सभासद त्या घरी जाणार नाही, वाचनालयाची वस्तू देणार नाही. मान्य असलेल्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. मी खिडकीतनं बघतोय, तर कोरेट्टनचाही हात वर. त्याला स्वतःलाच ते नंतर कळलं. इतकी वर्षं मास्तरांनी 'हात' म्हटलं की याचा हात आपोआप उठायचा, तसा उठला. तो त्या हाताकडे असा बघत राहिला, जणू शेजाऱ्याचा आहे. मग हळूच खाली घेतला. पण तोवर ठराव एकमतानं झाला होता.

घरी माधवी वहिनीनं विचारलं, "कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"मग आज डाव्यानं जेव," असं म्हणून ती माजघरात जाऊन बसली. भात काही वाढला नाही.

दोन दिवस तो माझ्या बाकावर येऊन समोरच्या कार्यालयाकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सेट्टू, तुझा टेम्पो दे. आणि तूही चल. देवळात जायचंय."

मी म्हटलं, "तब्येत बरी आहे ना?"

"भांडी आणायला. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे आहे, पण ती भांडी पक्षाची. ठराव झालाय, मी त्यांना हात लावणार नाही. देवळाच्या भांड्यांवर ठराव नाही."

घ्या. ठराव मोडायला निघालेला माणूस, आणि अर्धा ठराव पाळतोय. ही अक्कल फक्त आमच्या गावातच तयार होते.

जन्मात देवळाची पायरी न चढलेला हा बाप्या बाहेर आंब्याखाली उभा राहिला. आत मला पाठवलं. देवळाचा व्यवस्थापक विरोधी पक्षाचा, तो दारात येऊन गालात हसत म्हणाला, "कोरेट्टा, आत ये की. देव चावत नाही."

"देवाचं माहीत नाही, तू चावशील," कोरेट्टन तिथूनच म्हणाला. "उद्या पेपरात फोटो छापशील. भांडी बाहेर दे. घासून परत आणतो."

दोन मोठ्या उरुळ्या, म्हणजे पसरट कढया, आणि चार हंडे उचलताना माझी कंबर मोडली. हा आंब्याखालून सूचना देत होता, जपून, पोचा येईल म्हणून. देवावर विश्वास नाही, पण त्याच्या भांड्यांची काळजी केवढी.

कुंजंबू ओट्यावर एकटाच सुपारी कातरत बसला होता. टेम्पो पाहून उठला नाही.

"हात वर केलास म्हणे," तो म्हणाला.

"केला."

"मला काढलं तेव्हाही केला होतास."

"तेव्हाही केला होता."

मला वाटलं, आता कुंजंबू भांडी रस्त्यावर फेकतोय. त्याला तो हक्क होता. मग त्यानं सुपारी खाली ठेवली आणि आत बघून म्हणाला, "सजिना, नारळ खोवायची विळी आण. दोन असतील तर दोन्ही आण." कोरेट्टन पाठ फिरवून चुलीसाठी दगड मांडायला लागला. त्याला तेच एक काम होतं जणू.

पाहुणे शंभरच होते. यानं स्वयंपाक केला अख्ख्या गावाचा. मी म्हटलं, "कुणी येणार नाही, एवढा कशाला?" तर म्हणतो, "मला लहान लग्न येत नाही." वऱ्हाड पोटभर जेवलं. मुलाच्या काकानं पायसम तीनदा मागून घेतलं आणि विचारलं, "एवढं रांधलंत, गावकरी कुठं आहेत?" कुंजंबूचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात परसातल्या कुंपणापाशी डब्यांचा खडखडाट. गावातल्या बायका, माधवी वहिनी सगळ्यांच्या पुढं. "ठराव सभासदांवर आहे," ती म्हणाली, "आम्ही कुठं सभासद? नवऱ्यांना भूक लागलीय, डबे भरून दे." काकाला वाटलं, इकडची रीतच असेल.

ते डबे रिकामे करून, ढेकर देऊन पक्षाचे लोक कोरेट्टनवर कारवाई करायला बसले.

मास्तरांना त्याला काढायचं नव्हतं. खरं सांगतो, त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात पक्षाची परिषद होती आणि सहाशे माणसांचं जेवण. ते अगदी गोडीत म्हणाले, "कोरेट्टा, उभा राहून आत्मटीका कर. 'माझी चूक झाली' एवढं म्हण. मी लिहून घेतो, विषय संपला. आपल्यात हीच पद्धत आहे."

कोरेट्टन उभा राहिला. मी भट्टी मंद केली.

"माझी चूक झाली," तो म्हणाला.

"शाब्बास," मास्तर लिहायला लागले.

"आठ वर्षांपूर्वी झाली. कुंजंबूनं विचारलं ते बरोबर होतं. मला माहीत होतं, त्याच्याबरोबर मीही त्या चिखलात होतो. तरी हात वर केला. परवा पोरीच्या लग्नाच्या ठरावाला पुन्हा केला. या दोन चुका. लिहा."

मास्तरांचं पेन थांबलं. "तो विषय आजच्या बैठकीत नाही. लग्नाचं बोल. भांड्यांचं बोल."

"भांडी स्वच्छ घासून परत केली. त्यात काय चूक?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मास्तरांचा आवाज चढला. "कोरेट्टा, शेवटचं सांगतो. एका वाक्याचा प्रश्न आहे."

"वाक्य मी बोललो, मास्तर. तुम्ही लिहीत नाही, त्याला मी काय करू?"

मग मास्तर म्हणाले, काढण्याला मान्यता असलेल्यांनी हात वर करा. हात उठले, पण फार सावकाश, आणि वर करताना सगळे कोरेट्टनकडे बघत होते. यानं दोन्ही हात लुंगीच्या ओच्यात घट्ट धरले होते. बोटं पांढरी पडलेली मला इथनं दिसत होती. ठराव झाला. त्यानं वाचनालयाची किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली आणि "लाल सलाम" म्हणून बाहेर पडला. सवयीनं तिघा-चौघांनी उत्तर दिलं. मास्तरांनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विरोधी पक्षाचे लोक शाल आणि फोटोवाला घेऊन त्याच्या दारात हजर. कोरेट्टननं त्यांना हातातल्या डावासकट फाटकापर्यंत पोचवलं. मग माझ्या बाकावर येऊन बसला, छाती वरखाली होत होती. त्याच्यावरही आता बहिष्कार होता. चहावाल्यानं माझ्या नावानं दोन चहा पाठवले.

मी म्हटलं, "एट्टा, बास झालं की आता. आयुष्य घातलंस, त्यांनी असं हाकललं. सोड तो पक्ष."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की मी त्याला माधवी वहिनीला सोड म्हणालो की काय.

"सेट्टू, ठरावाची प्रत समोर लावलीय, जाऊन वाच," तो म्हणाला. "त्यांनी मला काढला, असं लिहिलंय. मी सोडला, असं कुठं लिहिलंय?"