अम्मीचे रोजे आणि जहाजछाप बटणं

माझ्या अम्मीचे रोजे मी जीन्सला लावून विकले. मुद्दाम नाही विकले, पण विकले हे खरं आहे, आणि ते निम्म्या कॅम्प तीनला ठाऊक असल्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

उल्हासनगरात कॅम्प तीनला आमचा लहानसा कारखाना आहे. खाली जीन्सला बटणं ठोकायची मशीनं, वर घर. दोन वर्षांपूर्वी अम्मीनं जाहीर केलं की आयुष्यभरात सुटलेले रमजानचे रोजे तिला आता भरून काढायचेत. (आजारपणात, बाळंतपणात सुटलेले रोजे नंतर सवडीनं ठेवायचे असतात. "तुमच्यापायी सुटले सगळे," असं ती माझ्याकडे बघून म्हणाली. आम्ही भावंडं तिघं आहोत, बघितलं फक्त माझ्याकडे.) बदलापूर गावातून खाला मुद्दाम आली. कुठल्या बाळंतपणात किती सुटले यावरून दोघी बहिणी दोन दिवस कचाकचा भांडल्या, आणि शेवटी कसाबसा एक आकडा ठरला.

तेवढ्यात मी नाक खुपसलं. कारखाना चालवणाऱ्या माणसाला वाटतं, जगात सगळं प्लॅनिंगनं होतं.

"अम्मी, आकडा लक्षात ठेवायची गरजच नाही. मी सिस्टिम करून देतो."

एका रद्द झालेल्या ऑर्डरची पितळी बटणं कारखान्यात पडून होती. वर जहाजाचा छाप. ठरल्या आकड्याएवढी बटणं मोजून मी लोणच्याच्या बरणीत टाकली. एक रोजा झाला की एक बटण बाहेर काढायचं. बरणी रिकामी, अम्मी मोकळी! मग वर्षाचं वेळापत्रक. सोमवार-गुरुवार नेहमीचे. हिवाळ्यात दिवस लहान, तेव्हा जास्त घ्यायचे. दोन्ही ईद आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस रोजा ठेवायला मनाई, ते सोडायचे. नात्यातली लग्नं सोडायची. मे महिन्याला तर मी उन्हामुळे सुट्टीच देऊन टाकली. गल्लीतल्या दोन-तीन बायका माझा सल्ला घ्यायला आल्या. मी स्वतः रमजान सोडून एकही रोजा कधी ठेवला नव्हता, पण प्लॅनिंग करणाऱ्यानं मशीन चालवायचं नसतं.

अम्मी मात्र मनापासून चालवत होती. संध्याकाळी खजूर तोंडात टाकला की बरणीतून एक बटण काढायची आणि बरणी कानाशी नेऊन हलवायची. या हिवाळ्यात आवाज अगदी तळाशी आला.

"या रमजानचा चांद मी रिकाम्या बरणीनं बघणार," ती येईल त्याला सांगायची. एकदा मला एकट्याला म्हणाली, "पुढचा रमजान कुणी बघितलाय, इक्बाल? आपलं आपण उरकलेलं बरं." मला गलबलून आलं. माझ्या सिस्टिमचा अभिमानही वाटला, हे कबूल करतो.

रमजानच्या पंधरवडाभर आधी शब-ए-बारात येते, तिच्या तयारीसाठी माझ्या बायकोनं, नसीमानं, स्वयंपाकघर रंगवायला काढलं आणि तिथल्या बरण्या खाली कारखान्याच्या फळीवर आणून ठेवल्या. तिनं मला ते सांगितलंही होतं. मी मोबाइलमध्ये बघत "हं" म्हटलं होतं.

त्याच दिवशी जीन्सचे दुकानदार हरीशशेठ यांची ऑर्डर जायची होती. दुपारी बटणं संपली. बटणवाल्याच्या दुकानाला कुलूप. शेठचा तिसरा फोन आला आणि मी डोक्याला हात लावून वर बघितलं, तर फळीवर बरणी. बरणीत बटणं! आपल्याच जुन्या ऑर्डरची जहाजछाप बटणं उरलीत हे आपण कसं विसरलो, असं वाटून मी दोन्ही हात वर करून अल्लाहचे आभार मानले. (हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.) बरणी मशीनजवळच्या डब्यात उलटी केली. धाड, धाड, धाड. काही बटणं वाकली, ती भंगारात टाकली. बाकीची जीन्सला बसली आणि जीन्स टेम्पोत बसल्या.

संध्याकाळी मगरिबची अजान झाली. अम्मीनं रोजा सोडला आणि बरणी मागितली. नसीमा खाली गेली आणि रिकामी बरणी घेऊन वर आली.

"रिकामी?" अम्मीचा चेहरा उजळला. "एवढ्यात संपले माझे?"

नसीमानं माझ्याकडे बघितलं. मी भज्यांकडे बघितलं.

"अहो, यातली बटणं कुठायत?"

माझ्या हातातलं भजं खाली पडलं. "जीन्सला लावली," मी म्हणालो.

अम्मीनं बरणी उलटी करून झटकून बघितली. मग म्हणाली, "माझे रोजे पँटीला लावलेस?"

"कमरेला, अम्मी," मी म्हणालो, जणू त्यानं काही फरक पडणार होता. "तुझे राहिले किती होते?"

"मला काय ठाऊक? बरणीला ठाऊक."

खालाला फोन केला. तिनं मूळ आकड्यापासूनच भांडण नव्यानं सुरू केलं.

दोन दिवस भांडूनही आकडा लागेना, तेव्हा तिसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी हरीशशेठकडे हजर. एका जीन्सला एक बटण, म्हणजे एका जीन्समागे एक रोजा. घड्या उलगडून मी कमरेचे पट्टे तपासू लागलो. गिऱ्हाइकं बघत राहिली.

"अरे भाई, कंप्लेंट आया क्या?" शेठ घाबरला.

"शेठ, ये जहाजवाली कितनी बिकी?"

"वोही तो पहले निकली, साईं! कुछ यहाँ, कुछ अंबरनाथवाले को दे दी. और बनाओ ना."

माझी आशा तिथंच संपली. तरी परतताना शेअर रिक्षात डोळे आपोआप शेजारच्या पोराच्या कमरेवर गेले. जहाज! मी वाकून नीट बघितलं.

"ओ काका, काय बघताय?"

"रागावू नकोस रे. तुझ्या पँटीवर माझ्या आईचा रोजा आहे."

मला पुढच्या चौकातच उतरवण्यात आलं.

घरी अम्मी मशिदीतल्या मौलानांना विचारून बसली होती. आकडा आठवत नसेल तर मनाची खात्री होईपर्यंत रोजे ठेवावेत, असं ते म्हणाले होते.

"खात्री होईपर्यंत मी ठेवीन," अम्मी म्हणाली, "आणि माझ्यासोबत तू. तुझा रोजा माझ्या हिशेबात धरायचा नाही. तू नुसता सोबतीला."

मी निमूट मान हलवली. पहाटे सेहरीला दोघं बसायचो, संध्याकाळी दोघं खजूर उचलायचो. रमजान आला, गेला. ईद झाली. पुन्हा सोमवार-गुरुवार सुरू. मी दिलेली मे महिन्याची सुट्टी अम्मीनं रद्द केली. मशीनच्या धगीपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटायची, पण आईचं मन हलकं होतंय म्हणून मी हूं की चूं केलं नाही.

गेल्या गुरुवारी भर दुपारी दोऱ्याचं रीळ आणायला वर गेलो. अम्मी खिडकीशी बसून चहात खारी बुडवत होती.

मी दारातच खिळलो. "अम्मी! रोजा?"

"माझी खात्री झाली की."

"कधी?"

"रमजानच्या आदल्या दिवशी. चांद अगदी मोकळ्या मनानं बघितला बघ." तिनं खारी तोंडात टाकली.

"मग पहाटे माझ्यासोबत उठतेस ती?"

"तू एकटा कसा जेवशील?"

"अगं, पण मला सांगायचं नाही? किती झाले माझे, ठाऊक आहे तुला?"

"तूच म्हणाला होतास ना, लक्षात ठेवायची गरज नाही म्हणून."

आत नसीमाला हसू आवरेना. रोज्यात रागावू नये म्हणतात, म्हणून मी राग गिळला. त्या दिवशी मगरिबपर्यंत माझ्या पोटात तेवढंच गेलं.