रोगणाच्या खोलीचं दार

गॅस डोळ्यांना दिसत नाही, ही त्याची सगळ्यात वाईट खोड. पाणी गळलं की ओल दिसते, कोळसा बिघडला की धूर दिसतो. गॅस मात्र गुपचूप निघून जातो आणि फिटरच्या जिवाला घोर लावून ठेवतो. मी तर मुळातच काळजीखोर. नळीचा जोड आवळला की रिठ्याचं पाणी फेसायचं, तो फेस जोडावर फासायचा आणि बुडबुडा येतो का ते पाहायचं, अशी आमची रीत होती. बाकीचे एकदा फासत, मी तीन वेळा. "अहो मेस्तरी, नळीला अभ्यंग घालताय की काय?" म्हणून सगळे चिडवत. चिडवा म्हणायचो. उद्या काही झालं तर नाव तुमचं नाही, माझं निघणार आहे.

कल्याणला आगगाडी येऊन तेव्हा पस्तीसेक वर्षं झाली असतील. डब्यांतल्या दिव्यांसाठी तेलापासून गॅस काढायची भट्टी आणि त्याची टाकी आमच्या कारखान्याला लागूनच होती. पहिल्या वर्गाच्या डब्यांची दारं आणि खिडक्यांच्या चौकटी आमच्याकडे रोगण चढवायला येत. त्यासाठी एक दगडी बंद खोली होती. उन्हाळ्यात रोगण दोन दिवसांत वाळायचं. पावसाळ्यात आठ-आठ दिवस बोटाला चिकटायचं, आणि साहेब आमच्यावर खेकसायचा.

शेवटी साहेबानं विलायतेहून गॅसची एक शेगडी मागवली. पुरुषभर उंचीची, लोखंडी पत्र्याची. पायाशी हवा आत घ्यायच्या भेगा, त्यांच्या मागे पितळी तारेची बारीक जाळी, आणि जाळीच्या वर बारा नळ्यांची रांग. हवा जाळीतून वर जायची, गॅसमध्ये मिसळायची आणि बारा निळ्या ज्योती लागायच्या. धूर धुराड्यातून छपराबाहेर. ती बसवली मी. जोडांना तागाच्या तंतूंवर शेंदूर आणि जवसाचं तेल कालवून लावलं, तर सगळे जोड लालभडक दिसायला लागले. हमाल येता-जाता मारुती समजून हात जोडायचे. शेगडी निर्धोक आहे असा कागद साहेबानं लिहवून घेतला, त्याखाली माझी सही. सही करण्याआधी मी सगळे जोड पुन्हा एकदा फेस फासून पाहिले, खोटं कशाला सांगू!

त्या खोलीत राज्य होतं एका म्हाताऱ्या रंगाऱ्याचं. मोहने गावचा. वीस वर्षं रोज तिथून चालत यायचा. त्याच्या घरचे एके काळी मिठागरांवर होते, आणि बोलणं अस्सल त्यांचंच. कपड्याचा धागा उडून रोगणावर पडू नये म्हणून आत नुसता लंगोट नेसायचा आणि डोक्याला ओलं फडकं गुंडाळायचा. आत बसून राहायचा आणि घटका घटकाभरानं बोटाची मागची बाजू लावून रोगण कुठवर आलं ते पाहायचा. धूळ म्हणजे त्याची सवत. दार बोटभर जरी किलकिलं झालं तरी आतून आवाज यायचा, "दार!" एकदा साहेबावरही ओरडला होता, आणि साहेबानंही निमूट दार लावून घेतलं होतं. त्याच्यासारखा हात साऱ्या लाइनीवर नव्हता.

आषाढात दिव्याची अवस आली. बायकोनं घरातल्या समया, निरांजनं, लामणदिवा, सगळं चिंचेनं घासून लखलखीत करून पाटावर मांडलं. पूजा झाल्यावर मला म्हणाली, "अहो, तुमचा तो कारखान्यातला राहिला की."

"अगं, तो दिवा नव्हे. शेगडी आहे ती."

"ज्योत आहे ना त्यात?"

तिनं एका डबीत हळद-कुंकू, दुसरीत रांगोळी आणि पानात बांधून कणकेचे दोन दिवे दिले. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. रिठ्याचा फेस फासून जे समाधान मिळत नव्हतं ते कदाचित यातून मिळेल असं वाटलं.

शेगडीच्या पायाशी, भेगांच्या अगदी पुढ्यात, मी रांगोळीच्या रेघा ओढल्या. पत्रा इतका तापला होता की बोट लावता येईना, म्हणून हळद-कुंकू आणि अक्षता चिमटीनं लांबूनच उधळल्या. तोच ज्योती तांबूस झाल्या आणि त्यांतून बारीक ठिणग्या उडाल्या. मी हातच जोडले. म्हातारा रंगारीही पाया पडला आणि कणकेचा दिवा गुळाशी खाऊन म्हणाला, "बरा झाला. आगीला पन मान पायजे." पुढे श्रावण लागला तसं मी रोजच सकाळी चार रेघा आणि चिमूटभर कुंकू टाकायला लागलो. ज्योती रोज जरा जास्तच तांबूस दिसत होत्या. मला वाटायचं, प्रसन्न झाली.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी जेवायची घंटा झाली तरी रोगणाच्या खोलीचं दार उघडलं नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. दार ढकललं तर म्हातारा चौकटींच्या मध्ये पालथा पडलेला. ओढून बाहेर काढला. चेहरा लालबुंद. तोंडावर पाणी मारल्यावर ओकला, उठायला गेला तर पाय वाकडेतिकडे पडायला लागले, बोलणं जडावलेलं. साहेब धावत आला, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दारू."

"मी घेतली नाय," म्हातारा कसाबसा बोलला आणि पुन्हा डोळे मिटून आडवा झाला. जमलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "मिठागराकडची माणसं ही, माडी-ताडी असायचीच घरात." साहेब माझ्याकडे वळला. "शेगडी बराबर है?"

तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे तो सहीचा कागद नाचून गेला. नोकरी गेली तर बायकोला काय सांगू, वडिलांना काय सांगू, ज्यांनी मी कचेरीतली कारकुनी सोडून लोखंडाला हात लावला म्हणून मला वर्षभर बोल लावले होते! जीभ आपसूक वळली. "बराबर है, साहेब."

म्हाताऱ्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. वीस वर्षं राबलेला माणूस, दारुडा म्हणून गेला. खांद्यावर फडकं टाकून, भिंतीचा आधार घेत निघाला, आणि मी दुसरीकडे तोंड करून एक आवळलेलाच जोड पुन्हा आवळत बसलो. लाज वाटत होती मला. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, हे कबूल करायला हवं.

त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. बायको विचारते, बरं नाही का? मी तिच्यावरच खेकसलो. दुसऱ्या दिवशी खोलीत दुसरा रंगारी पाठवला, तर तोही तासाभरात डोकं धरून बाहेर आला. आता शंकाच उरली नाही. चूक शेगडीची, म्हणजे माझी. नव्या रंगाऱ्याला सांगितलं, मी बोलावेपर्यंत आत पाय टाकायचा नाही. आणि शोधायला बसलो.

आधी वाटलं, नळीत पाणी साचलं असेल. सगळ्यात खालची तोटी उघडली, अर्धा तांब्या पाणी निघालं. फरक काही पडला नाही. मग वाटलं, धुराड्यात चिमण्यांनी घरटं केलं असेल. पावसात शेवाळलेल्या छपरावर चढलो, पाय सटकतोय की काय म्हणून देवाचं नाव घेत. दोरीला दगड बांधून धुराड्यात सोडला, तो सरळ तळाला गेला. खाली उतरून रिठे फेसले, एकूण एक जोड तपासला. एक बुडबुडा येईल तर शपथ! एरवी आनंदानं छाती फुगली असती. त्या दिवशी उलट तेच जोड पुन्हा पुन्हा फासत राहिलो, कारण आता शोधायला फार जागा उरली नव्हती.

मग मी खाली बसून ज्योतींकडे नीट पाहिलं. तांबूस कसल्या, पिवळ्याजर्द होत्या. लांबलचक, लुळ्या, शेंड्याला काजळी धरलेल्या. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही, धुराड्याची ओढही मंदावते, आणि अर्धवट जळलेला गॅस खोलीत पसरून माणसाला गुदमरवतो. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आणि मी पंधरा दिवस ते पाहून हात जोडत होतो.

गॅस बंद केला. शेगडी निवल्यावर चार स्क्रू काढून जाळी बाहेर ओढली. जाळी कुठली! एकही भोक मोकळं नव्हतं. रोगणाच्या वाफेनं चिकट झालेला पांढरा-लाल थर बसला होता. नखानं खरवडला. पांढरी होती ती रांगोळी. लाल होतं ते कुंकू. शेगडी हवा ओढते, आणि मी रोज हवेच्या तोंडाशी भुकटी ओतत होतो. थरात रुतलेली एक अक्षताही सापडली. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. सांगायला लाज वाटत नाही मला त्याची. त्या माणसाला मी माझ्या हातानं मारायला निघालो होतो.

जाळी घासली, बसवली. बारा ज्योती निळ्याशार लागल्या. आणि मग मनात आलं ते फार वाईट होतं. आता कुणाला काही कळणार नाही. शेगडी ठीक आहे, कागद ठीक आहे, सही ठीक आहे. नवा रंगारी आत गेला, त्याचं डोकं दुखलं नाही. मूग गिळून गप्प बसलो तर सगळं मिटलं होतं. तो खरवडलेला थर मात्र मी कागदात बांधून बंडीच्या खिशात ठेवला होता. का ठेवला, कोण जाणे. तो दिवस आणि रविवार, दोन्ही दिवस खिशाला हात लागला की धस्स व्हायचं.

सोमवारी सकाळी साहेबाच्या टेबलावर पुडी उघडली. त्यानं चिमटीत घेऊन पाहिलं. "ये क्या है?"

"रांगोली, साहेब. मैंने डाला. हवा बंद हुआ. वो आदमी दारू नहीं पिया."

"क्यों डाला?"

दिव्याची अवस हिंदुस्तानीत कशी सांगायची? "देव के वास्ते," म्हणालो. साहेबानं ती पुडी पुन्हा बांधून बाजूला सरकवली. मग माझा सहीचा कागद काढून फाडला, पुन्हा शेगडीपुढे काही टाकलंस तर हाकलून देईन म्हणाला, आणि म्हाताऱ्याला बोलावून आण असा हुकूम केला. माझी नोकरी वाचली. शेगडी समजणारा दुसरा कुणी नव्हता, एवढंच कारण.

मोहन्याला चिखल तुडवत गेलो. म्हातारा ओसरीवर बांबूच्या कामट्यांची टोपली विणत बसला होता. मला पाहून उठला नाही. "घरची पन म्हनते, पोटात गेली असल थोरी," तो म्हणाला. "चार दिस कोन धर बोलत नाय." मी सगळं सांगितलं. रांगोळी, कुंकू, जाळी, अक्षता. तो एकदम खो खो हसला. "जल्ला, तुजी पूजा मना बाधली रं मेस्तरी!" मीही हसलो. चार दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. त्यानं आत हाक मारून गूळ-पाणी मागवलं.

मी पाणी पीत असताना त्यानं विचारलं, "मंग मी परलेलू तवा साहेबानं तुना इचारलं असल ना, शेगरी बरी हाय का? तू काय सांगलंस?"

त्याला माहीत नव्हतं. तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. मी काहीही सांगू शकलो असतो. आणि माझा जीवही तेच म्हणत होता, सांग काहीतरी.

"ठीक आहे म्हणालो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पुढची कामटी उचलली. "उंद्या येतू," एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी तो आला. डोक्याला ओलं फडकं गुंडाळलं. मी जाळी काढून उजेडात धरून त्याला दाखवली, शेगडी पेटवून दाखवली. "निली हाय. बरा हाय, मेस्तरी," म्हणाला आणि आत गेला. दार चार बोटं उघडंच राहिलं. मला वाटलं, विसरला. मी बाहेरून हलकेच लावलं. आतून त्यानं पुन्हा चार बोटं उघडलं.

रोगणावर धूळ बसायला लागली. तो ती घासून काढायचा आणि पुन्हा हात द्यायचा, एका दिवसाच्या कामाला दोन दिवस. साहेब बोलायचा, तो ऐकून घ्यायचा. माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही, पूर्वीसारखाच चिडवायचा, माझ्या घरच्यांची विचारपूस करायचा. मी रोज त्याच्या आधी येऊन जाळी काढायचो, उजेडात धरायचो, त्याला दाखवायचो. तो बरा हाय म्हणायचा आणि आत जायचा. मी बाहेर उभा राहून कधीकधी मुद्दाम ते दार आणखी थोडं ढकलायचो, हातभर उघडायचो, तो आतून ओरडेल म्हणून. पुढचे पाच पावसाळे तो त्या खोलीत होता. "दार!" म्हणून तो पुन्हा कधी ओरडला नाही.