पाणी कोणाच्या हातचं?

रविवारी सकाळी मी माझ्या लेकीची कबर उकरायला निघाले होते. हातात कुदळ, डोक्यात नुसता कल्लोळ... सांगून मोकळी होते, नाहीतर मला चैन पडायचं नाही.

आम्ही मूळचे वसईकडचे. नवरा श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज, म्हणून पुण्यात. इथे आम्हा ख्रिस्ती लोकांची एकच आळी आहे. श्रीमंतांनी देवळाला जागा दिली खरी, पण पाद्रीबाबा गोव्याहून येणार तेव्हा येणार. पावसात घाट बंद झाला की आमचे आम्हीच.

म्हणून पाद्रीबाबांनी आमच्या सुईणीकडून बाप्तिस्म्याचे शब्द पाठ करून घेतले होते. मूल जगेलसं दिसलं नाही, तर डोक्यावर पाणी घालायचं आणि ते शब्द म्हणायचे. सुईण म्हणजे फातिमाबी. मुसलमान आहे, पण आळीत कोणाचं पोट दुखायला लागलं की धावून येते ती हीच.

माझी पोर चैत्रात झाली आणि धड रडलीच नाही... फातिमाबीनं पाणी घातलं, शब्द म्हटले. थोड्या वेळानं पोर माझ्या कुशीतच गेली. बाप्तिस्मा झाला, ती देवाघरी पोचली, एवढ्याच आधारावर मी रोज उठून चूल पेटवत होते. नवरा मोहिमेवर. त्याला अजून काहीच कळलेलं नाही.

अशात दुमिंगभाऊ आला. गळ्यात हा एवढा क्रूस, बोलणं साखरेत घोळलेलं. पाद्रीबाबांनीच पाठवलंय म्हणाला. आम्ही तर उपदेशाला भुकेलेले... रोज संध्याकाळी देवळात गर्दी. गातोही छान, मेला.

एका संध्याकाळी सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मुसलमानिणीच्या हातचं पाणी ते. तो बाप्तिस्मा झालाच नाही, कातरीनबाई. पोर स्वर्गाच्या दाराबाहेर अंधारात उभी आहे तुमची." उपाय अर्थात त्याच्याकडे होताच. कबर उघडायची आणि त्याच्या हातचं पाणी घालायचं.

तुम्ही म्हणाल, तुला पटलं कसं? अहो, या शहरात राहून बघा. हौदावर गेलं तरी कोण आधी, कोण मागे, कोणाची घागर कोणाच्या घागरीला लागली... आम्हाला तर लांबच उभं करतात. रोज सोसून सोसून, पाणी कोणाच्या हातचं, हा प्रश्न आमच्याही अंगात मुरलाय. त्यानं विचारला आणि मला तो देवाचाच वाटला.

मग माझी जी तगमग सुरू झाली... घास उतरेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचे. दाराशी सावली हलली तरी पोर उभी आहे असं वाटून धावत जायचे. आळीनं फातिमाबीला बोलावणं बंद केलं, ते वेगळंच.

तर रविवारी कबरीपाशी पोचलो. दुमिंगभाऊ, मी आणि शेजारच्या चार बायका. मी कुदळ उचलली, तर म्हणाला, "आधी माझ्यामागून म्हणा. ही पोर मी दुमिंगभाऊंच्या हाती देते. त्यांच्याच हातून तिची सुटका आहे."

"ही पोर मी..." म्हटलं आणि जीभ अडली. त्या दिवशी मी शुद्धीत होते, सगळं ऐकलं होतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं... फातिमाबीनं स्वतःचं नाव कुठे घेतलं होतं? आणि तिला शिकवताना पाद्रीबाबा माझ्यादेखत म्हणाले होते, ओतणारा हात कोणाचाही चालतो, काम ख्रिस्ताचं असतं. हे सगळं मला ठाऊक होतं हो. दुःखात कुठे गेलं होतं कोण जाणे.

"दुमिंगभाऊ," मी म्हटलं, "यात ख्रिस्ताचं नाव कुठाय?"

"ते ओघानं आलंच."

"मग तुमचंही ओघानंच येऊ द्या. निघा आता."

तो खूप बोलला. पोरीचा तळतळाट लागेल म्हणाला. पण माझं तोंड काही गप्प बसेना. म्हटलं, "सावकाश जा. वाटेत तहान लागली तर पाणी कोणाच्या हातचं ते विचारून प्या." बायकांनी पदर तोंडाला लावले. संध्याकाळपर्यंत स्वारी आळीतून गायब.

दुसऱ्या वस्तीत गेलाय असं कानावर आलंय, म्हणून हे सांगतेय. क्रूस गळ्यात कोणीही घालतं. तुम्हाला दुखतं कुठे ते हेरून तिथेच बोट ठेवणारा आणि ख्रिस्ताच्या जागी स्वतःला बसवणारा भेटला, तर पाठ असलेलं सगळं आधी आठवा. माझं मन अजून पुरतं थाऱ्यावर नाही. पाद्रीबाबा आले की, पोरीचा बाप्तिस्मा झाला ना, असं सगळ्यांसमोर विचारणार आहे.

कबरीवरून मी घरी गेले नाही, फातिमाबीकडे गेले. दारात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पण जवळ आली नाही.

"पोरी, एक विचारू?" म्हणाली. "खरंच माझ्या हातानं तुझं लेकरू अडकलं का गं? मी तर हात स्वच्छ धुऊन पाणी घातलं होतं..."

म्हणजे इतके दिवस हीसुद्धा जळत होती. मी तिचे दोन्ही हात धरले आणि तोवर न आलेलं रडू तिथे आलं. "नाही हो फातिमाबी," म्हटलं, "तुमच्याच हातानं पोचली ती."

माझ्या लेकीच्या डोक्यावरून या जगात माझ्याखेरीज एकच हात फिरला, आणि तो फातिमाबीचा होता. देवा, तो तूच धाडला होतास. एवढं आता मला कोणी विसरायला लावू नये.