रयतेचे पाच किलो

हुकाचा वजनकाटा बॅगेच्या हँडलला अडकवायचा, बॅग जमिनीपासून चार बोटं उचलायची, एक डोळा मिटून आकडा वाचायचा आणि बॅग खाली ठेवता ठेवता म्हणायचं, "सामोला कोणी नेमलं नव्हतं." बहरीनच्या झिंज भागातल्या त्याच्या दोन खोल्यांत हा सोहळा मी इतक्या वेळा पाहिला आहे की अजूनही कुणी बॅग उचलताना दिसलं की ते वाक्य ऐकू येतं आणि माझं डोकं तडकतं.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. न बोलावता पुढे होणारा, न विचारता हुकूम सोडणारा. आमचा हा नमुना चिपळूणचा. आमच्या बांधकाम कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा, मी ड्रॉइंग ऑफिसात. तोंडावर आम्ही त्याला अहो-जाहो करायचो. माघारी जे करायचो तेच इथे करतो आहे.

हा सामो त्याला दिला एका स्लोवाक इंजिनिअरनं. कुठल्याशा जुन्या प्रोजेक्टवर दोघं एकाच साइट ऑफिसात बसायचे. सातव्या शतकात सामो नावाचा फ्रँक व्यापारी माल विकायला स्लाव लोकांच्या मुलखात गेला. तिथले लोक आवार नावाच्या टोळ्यांच्या जाचाविरुद्ध उठले होते. हा त्यांच्या बाजूनं लढला, आणि असा लढला की त्यांनी या परक्यालाच राजा केलं. पस्तीस वर्षं राज्य. बारा बायका, बावीस मुलगे, पंधरा मुली. फ्रँकांच्या राजानं फौज धाडली, तर तीन दिवसांच्या लढाईत तिलाही पळवून लावलं. गोष्ट चांगली आहे, सामोबद्दल माझी काही तक्रार नाही. परमुलखात जाऊन राजा झालेला माणूस म्हणजे आपणच, असं नटबोल्ट वाटणाऱ्या या गृहस्थाला वाटायचं, ही तक्रार आहे.

त्याचं राज्य म्हणजे पार्सलं. इथून कोणी सुट्टीवर निघाला की बाकीचे त्याच्याबरोबर घरी काहीबाही पाठवतात, ही इथली जुनी रीत. यानं तिचा कायदा केला. प्रत्येकाच्या तीस किलोंपैकी पाच किलो रयतेचे. जाणाऱ्यानं आदल्या गुरुवारी संध्याकाळी बॅग घेऊन झिंजला हजर व्हायचं आणि कोणाचं काय जाणार ते हा ठरवणार. सामोची भेट मिळावी म्हणून फ्रँकांच्या दूताला म्हणे स्लावांचे कपडे घालावे लागले होते. त्या आधारावर याच्या दारात बर्म्युडा घालून गेलेल्याचं पार्सल परत यायचं. आणि स्वतः सुट्टीवर जाताना? रयतेची एक गोळीसुद्धा याच्या बॅगेत जायची नाही. राजानं ओझी वाहायची नसतात, असं वर ऐकवायचा.

एकदा मी आईसाठी बीपीचं मशीन घेतलं होतं. आई खेडला एकटी असते. त्यानं ते हातात तोलून पाहिलं, "खेडला मिळतं हे. पुढच्या खेपेला बघू," म्हणाला आणि त्या जागी आमच्या तेव्हाच्या मॅनेजरचे बदाम-पिस्ते बसवले. मशीन चार महिन्यांनी पोचलं. मधल्या काळात आईला काही झालं नाही, ही देवाची कृपा. पण माझा राग मी तेव्हापासून दूधभात घालून पोसला आहे.

बारा बायकांच्या राजाचं कौतुक सांगणाऱ्या या माणसाची एकुलती एक बायको एकदाच बहरीनला आली आणि दोन महिन्यांत परत गेली. तिला इथला उकाडा सोसला नाही, असं तो सांगायचा. चिपळूणच्या बाईला उकाड्याचं काय नवल? आम्ही समोर मान डोलवायचो आणि जिना उतरल्यावर हसायचो.

एका शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला होता. वरणभात कालवता कालवता सामोच्या पस्तीस वर्षांपर्यंत आला आणि थांबला. तो नेहमी तिथेच थांबायचा. माझ्या लेकीनं विचारलं, "अंकल, अँड देन? ही डाइड, देन व्हॉट?" त्याचा घास हातातच राहिला. "त्यात काही नाही गं बाळ," एवढंच म्हणाला आणि ताक मागितलं. तो गेल्यावर लेकीनं फोनवर शोधून मला सांगितलं. सामो मेला आणि राज्य विस्कटलं. सदतीस मुलं असून मागे एकाचंही नाव राहिलं नाही. मला तेव्हा भारी आनंद झाला होता.

मग तो साठीला आला. बहरीनमधलं चौतिसावं वर्ष चालू होतं. एका वर्षाचा व्हिसा वाढवून मिळाला की सामोची बरोबरी, हे त्यानं ऑफिसात चहा देणाऱ्यापासून सगळ्यांना सांगितलं होतं. पस्तीस पुरी होऊ देत, मग खलास, आपण होऊन जाईन, म्हणायचा. एवढाच हट्ट होता त्याचा. आता लिहिताना तो फारच लहान वाटतो.

नव्या मॅनेजरनं मला बोलावलं. स्टोअरशी सगळ्यात जास्त संबंध आमचाच यायचा. या माणसावाचून स्टोअर चालेल का, त्यानं विचारलं. खरं उत्तर लांबलचक होतं. कुठल्या साइटवर काय पडून आहे ते कागदाआधी त्याच्या डोक्यात असायचं, आणि आमचं काम त्याच्यामुळे एकदाही अडलं नव्हतं. पण मला बदाम-पिस्ते आठवले. मी म्हटलं, "चालेल."

व्हिसा वाढला नाही.

निघायच्या आदल्या गुरुवारी तो स्वतः आमच्या दारात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पार्सलांची वही.

"आईला काही पाठवायचंय? या खेपेला माझ्याकडे जागा आहे. खेड वाटेतच."

आत कपाटात आईसाठी घेतलेला गुडघ्याचा पट्टा बांधून तयार होता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही हो. काही नाही."

त्यानं वहीत माझ्या नावावर काट मारली. त्या पानावरच्या सगळ्याच नावांवर काट होती.

विमानतळावर सोडायला कोणीच पुढे येईना, म्हणून मी गेलो. गाडीत तो म्हणाला, "मॅनेजरनं तुला विचारलं असेल. काय सांगितलंस?"

"सांगितलं, तुमच्याशिवाय कठीण जाईल."

"जाईलच," तो म्हणाला आणि समाधानानं खिडकीबाहेर बघू लागला. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

काउंटरवर बॅग ठेवली. आकडा आला एकोणीस. चौतीस वर्षांचा संसार आणि एकोणीस किलो. त्यानं एक डोळा मिटून आकडा वाचला. आता सामो येणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. तो नुसता म्हणाला, "बघ, अकरा किलो रिकामेच चाललेत."

स्टोअर चालतं आहे. मॅनेजरशी मी खोटं बोललो नव्हतो. झिंजला मात्र आता गुरुवारी कोणी जमत नाही. मध्ये आमच्यातला एक जण सुट्टीवर जाऊन आला, ते मला तो परत आल्यावर कळलं. आपलंच सामान त्याला तीस किलोत मावलं नव्हतं म्हणे, दुसऱ्याचं कुठे नेणार? फोनवर आई गुडघ्याचं सांगते आणि पट्टा कधी येईल, विचारते. कोणी जाणारं मिळालं की पाठवतो, असं मी म्हणतो. बायको म्हणते, कुरिअर कर. करीन. पट्टा अजून कपाटात आहे. वजन पाव किलोसुद्धा नसेल.